टीव्हीचा आवाज कानात, पण बेतानं



आपल्यापैकी अनेकींचं घर एक-दोन खोल्यांचं. संध्याकाळी टीव्ही चालू, त्याच खोलीत दहावीच्या लेकीचा अभ्यास, आणि सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून आवाज वाढवलेला. मग कुरबुर ठरलेलीच. बिनवायरचा हेडफोन असला की ज्याला ऐकायचं तो ऐकतो, बाकीच्यांना शांतता मिळते. तो जोडायचा कसा आणि वापरताना जपायचं काय, ते बघूया.

आधी आपला टीव्ही तपासा

हेडफोनमध्ये ब्लूटूथ असतं, पण ते टीव्हीतही लागतं. रिमोटनं सेटिंगमध्ये जाऊन ब्लूटूथ दिसतंय का बघा. असेल तर काम सोपं:

१. हेडफोन चार्ज करा. कुणाच्या मोबाइलला आधी जोडलेला असेल तर त्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा.
२. हेडफोनचं बटण काही सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकू लागला की तो जोडीदार शोधतोय असं समजा.
३. टीव्हीवरच्या यादीत त्याचं नाव आलं की निवडा.

एकदा जुळलं की पुढच्या वेळी सहसा आपोआप जुळतं. साधारण १० मीटरपर्यंत आवाज येतो. मध्ये भिंत आली तर तुटक होतो.

टीव्ही जुना असेल तर

ब्लूटूथ ट्रान्समीटर नावाची छोटी डबी मिळते. तिची वायर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात किंवा ‘ऑडिओ आउट’ लिहिलेल्या जागी लावायची. दुकानात ‘ट्रान्समीटर’च मागा. ‘रिसीव्हर’ आवाज घेतो, पाठवत नाही. होम थिएटरचंही बहुधा तसंच असतं. त्यातलं ब्लूटूथ मोबाइलवरची गाणी घेण्यासाठी असतं, म्हणून हेडफोन त्याला जुळत नाही. टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून दुकानदाराला दाखवा, म्हणजे चुकीची वस्तू गळ्यात पडणार नाही. बिल जपून ठेवा. आणि यासाठी गटातून कर्ज काढू नका हं!

कान परत मिळत नाहीत

टीव्हीचा आवाज मोठा झाला की शेजारीण हाक मारायची. हेडफोनमध्ये तो किती मोठा आहे ते दुसऱ्या कुणालाच कळत नाही. खरी काळजी इथंच घ्यायची. कानाच्या आतल्या ऐकण्याच्या नाजूक पेशी मोठ्या आवाजानं मेल्या तर पुन्हा येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. आवाज ९० डेसिबल झाला तर फक्त ४ तास! घरी डेसिबल कोण मोजणार? म्हणून सोपा हिशोब: पूर्ण आवाज १० धरला तर ६ च्या वर जायचं नाही. मुलांसाठी त्याहून कमी. मधूनमधून कानाला विसावा द्या. कानात शिट्टीसारखा आवाज येत राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

एवढं पाळा

- स्वयंपाक करताना, घरात तान्हं बाळ असताना दोन्ही कान बंद करू नका.
- रस्त्यावर, गाडीवर, रेल्वे फाटकाशी हेडफोन काढाच.
- गादीवर, उशीखाली ठेवून चार्ज करू नका. फुगलेली किंवा खूप तापणारी बॅटरी वापरू नका.
- कानात घालायच्या बोंड्या एकमेकींच्या वापरू नका. कोरड्या कापडानं पुसत जा.

सासूबाईंसाठी खास

हेडफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. त्यांना आवाज सारखा वाढवावा लागत असेल तर आधी कान तपासून घ्या. कधी नुसता मळ साचलेला असतो. आशाताईंना विचारा, जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवता येतं.

येत्या मासिक बैठकीत प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची: आपल्या घरात हेडफोनचा आवाज कितीवर असतो? आजच घरातल्या मुलांचा हेडफोन एकदा स्वतःच्या कानाला लावून बघा.