हँडब्रेक : आपण उतरल्यावर गाडीला धरतं कोण?

गाडी आपली, रस्ता आपला : लेखांक ९

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या रॅम्पवर गाडी मागे न घसरता कशी उचलायची ते पाहिलं. त्यावर नवीन पनवेलच्या एका वाचकांनी विचारलं आहे, "आम्ही नुकतीच ऑटोमॅटिक गाडी घेतली. गाडी ताब्यात देताना सांगितलं, 'पी'मध्ये टाकलं की काम झालं, हँडब्रेकची गरज नाही. वडील म्हणतात, पावसाळ्यात हँडब्रेक लावून ठेवलास तर चाकं धरून बसतील, लावूच नकोस. मग तो दांडा गाडीत दिलाय कशाला?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. गाडीतून उतरायचं असेल तर हँडब्रेक लावायचा. दर वेळी, आणि जमीन सपाट दिसली तरीही. वडिलांचं म्हणणं वर्षातल्या काही दिवसांपुरतं खरं आहे. त्याकडे शेवटी येतो.

'जमीन सपाट दिसली तरीही' असं म्हणालो, कारण पनवेलमध्ये फसगत इथेच होते. माथेरानच्या वाटेवर, नेरळच्या घाटात, कुणालाही चढ दिसतो. दस्तुरी नाक्यावर गाडी लावताना हात आपोआप हँडब्रेककडे जातो. पण खांदा कॉलनीतल्या किंवा कामोठ्यातल्या रस्त्याला पाणी वाहून जावं म्हणून दिलेला उतार डोळ्यांना कळत नाही. तो चाकांना कळतो. समजा, १०० मीटरला फक्त २ मीटर उतार आहे. ११०० किलोच्या छोट्या गाडीला तो साधारण २२ किलोच्या जोराने खाली ओढतो. टायर आणि बेअरिंग मिळून गाडीला जो अडथळा करतात तो जेमतेम ११ ते १५ किलोंचा. म्हणजे न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी चालू लागणारच. सुरुवातीला इतकी हळू, की कुणाचं लक्षही जाणार नाही. २० मीटर जाईपर्यंत वेग ताशी ६ किलोमीटरच्या आसपास पोचतो. माणूस झपाझप चालतो तेवढाच वेग, पण येणारं वजन ११ क्विंटलचं आणि समोर कदाचित सायकल शिकणारं मूल. पोडियम पार्किंगच्या रॅम्पचा चढ ८ मीटरला १ मीटर धरला, तर तीच ओढ १३५ किलोंच्या पुढे जाते.

आता हँडब्रेक म्हणजे नेमकं काय ते पाहू. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो आणि तो दाब पाय पेडलवर असेपर्यंतच टिकतो. हँडब्रेकचा दांडा ओढला की एक पोलादी केबल ताणली जाते आणि मागच्या दोन चाकांचे ब्रेक घट्ट बसतात. दांड्याखालच्या दात्यांत खिटी अडकते, म्हणून तो ओढलेलाच राहतो. तेल नाही, वीज नाही, इंजिन चालू असण्याची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत प्रवासी गाडीच्या या ब्रेकसाठी कसोटी दिली आहे. पूर्ण भरलेली गाडी २० टक्के उतारावर, म्हणजे ५ मीटरला १ मीटर अशा उतारावर, त्याने धरून ठेवली पाहिजे. माणूस निघून गेल्यावर गाडी उभी ठेवणं हेच ज्याचं मुख्य काम आहे असा गाडीतला ब्रेक हा एकच. बाकी ज्या गोष्टींवर आपण विसंबतो, त्या मदतीला येतात इतकंच.

'पी'चंच घ्या. ऑटोमॅटिक गाडी 'पी'त टाकली की ब्रेक लागतो असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात चाकांवर काहीच घडत नाही. गिअरबॉक्सच्या आत एक दातेरी चाक असतं आणि त्याच्या दोन दातांच्या खाचेत एक छोटी पोलादी खिटी जाऊन बसते. उतारावर नुसत्या 'पी'च्या भरवशावर पाय उचलला, तर गाडीचं सगळं ओझं त्या एका खिटीवर येतं. परत निघताना 'पी'तून काढलं की जो 'खट्ट' असा दणका बसतो, तो त्या दाबाखालून खिटी ओढून काढल्याचा. मागून कुणी जोरात धडकलं तर ही खिटी तुटूही शकते. म्हणून क्रम असा ठेवा : पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढायचा, पाय हळूच उचलून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्यायचं, मग ब्रेक पुन्हा दाबून 'पी'. निघताना आधी 'पी'तून काढायचं आणि हँडब्रेक शेवटी सोडायचा. चार दिवसांत हाताला सवय होते.

या क्रमाला किंमत का द्यायची, हे अमेरिकेने फार महागात शिकून घेतलं. फोर्डच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्या 'पी'त आहेत असं वाटत असताना रिव्हर्समध्ये सरकतात, अशा तक्रारी तिथे वर्षानुवर्षं येत होत्या. १९८० साली सरकारशी तडजोड झाली आणि सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना डॅशबोर्डवर चिकटवायला इशाऱ्याचे स्टिकर पाठवले गेले. उतरण्याआधी हँडब्रेक पूर्ण लावा, हा त्यातला एक भाग. पुढे २०१६ मध्ये एका कंपनीने जगभरातल्या ११ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. त्यांचा गिअरचा दांडा प्रत्येक वेळी मधल्या जागी परत यायचा, त्यामुळे गाडी खरंच 'पी'त गेली का, ते हाताला कळायचं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अँटन येल्चिन हा २७ वर्षांचा अभिनेता लॉस एंजेलिसमध्ये, स्वतःच्याच घराच्या उतरत्या वाटेवर, अशीच गाडी आणि विटांचा खांब यांच्यामध्ये चिरडून गेला. गाडी नवी होती, महाग होती, इलेक्ट्रॉनिक होती.

गिअरमध्ये लावलेली साधी गाडीही सुरक्षित वाटते आणि बऱ्याच अंशी असते. चाकं फिरायची तर इंजिन फिरावं लागतं आणि सिलिंडरमधली दाबलेली हवा ते अडवते. पण ही हवा पिस्टनच्या रिंगांवाटे हळूहळू निसटते. जुन्या, झिजलेल्या इंजिनाची गाडी चांगल्या उतारावर मग थोडी थोडी सरकू लागते. तेव्हा गिअर हा जोडीदार समजा. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि दोन्ही वेळा आधी हँडब्रेक.

आपल्याकडे सध्या सगळ्यात मोठा गोंधळ एएमटी गाड्यांचा आहे. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली, तेव्हापासून या गाड्या घरोघरी पोचल्या. क्लचचं पेडल नाही म्हणून लोक त्यांना ऑटोमॅटिक म्हणतात, पण आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो आणि बहुतेकांत 'पी' नसतोच. दांडा 'एन'वर ठेवून इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक राहिला, तर त्या गाडीला धरणारं काहीही उरत नाही. वयस्कर मंडळी साधी गाडी सोडून एएमटीकडे वळतात, त्यांना हे घरातल्या कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं. इलेक्ट्रिक गाडीचंही तसंच. तिच्या मोटरीत दाबायला हवाच नसते, त्यामुळे गिअरमध्ये ठेवून गाडी धरली जाईल, हा हिशोब तिला लागू होत नाही. २०२० ची पहिली नेक्सॉन ईव्ही आठवा : गोल बटणावर 'पी' नव्हता, शेजारी हँडब्रेकचा दांडा मात्र होता.

बटणाचा हँडब्रेक ज्यांच्याकडे आहे त्यांचं काम सोपं आहे. मागच्या चाकांवरच्या छोट्या मोटरी ब्रेक आवळतात आणि एकदा आवळला की तो टिकायला वीज लागत नाही. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजपासून ही सोय आली. काही गाड्यांत इंजिन बंद केलं की तो आपोआप लागतो, काहींत लागत नाही. आपल्या गाडीचं काय, ते पुस्तिकेत पाहा आणि लाल दिवा लागल्याची खात्री करूनच दार उघडा. हिल होल्ड म्हणजे हँडब्रेक नव्हे. चढावर निघताना तो दोन-तीन सेकंद गाडी धरतो आणि सोडून देतो.

आता मला जे मनापासून खटकतं ते सांगतो. गर्दीच्या पार्किंगमध्ये पाट्या दिसतात, रखवालदारही बजावतात : गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावू नका. आडव्या लावलेल्या गाड्या ढकलून मागच्यांना वाट देता यावी म्हणून ही पद्धत पडली. जागेची अडचण मला समजते. पण मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ काय सांगतं? चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल, तर सार्वजनिक जागी इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असली पाहिजे. न्यूट्रलमध्ये मोकळी सोडलेली गाडी यात कुठेच बसत नाही. एका पार्किंगमध्ये मी स्वतः पाहिलं आहे : एकाने ढकललेली गाडी हातातून सुटली आणि खांबावर जाऊन थांबली. खांबाजागी माणूस असता तर? मी तिथे हँडब्रेक लावतो आणि फोन नंबर काचेवर ठेवतो. गाडी हलवायची असेल तर मला बोलवा. सोसायट्यांनी रखवालदाराकडे किल्ल्या ठेवाव्यात, आडव्या गाड्यांना रात्रीची वेळ ठरवून द्यावी, काहीही करावं, पण ती पाटी काढावी.

दाबावर चालणाऱ्या ब्रेकवर उभी गाडी सोडू नये, हे रेल्वेवाल्यांना विचारा. पनवेलच्या यार्डातल्या वाघिणींनाही हाताने आवळायचा ब्रेक असतो. ५ जुलै २०१३ च्या रात्री कॅनडात लाक-मेगांटिक गावाच्या वरच्या अंगाला ७२ टाक्यांची तेलगाडी उतारावर उभी करून ठेवली होती. लावलेले हँडब्रेक फक्त ७, बाकी भिस्त इंजिनाच्या हवेच्या ब्रेकवर. इंजिन बंद झालं, हवा हळूहळू निसटली आणि गाडी सुमारे ११ किलोमीटर उतरून गावात उलटली. ४७ माणसं गेली. आपल्याकडे २५ फेब्रुवारी २०२४ ला कठुआहून ५३ वाघिणींची मालगाडी चालकाविना सुटली आणि जवळपास ७० किलोमीटर पळत पंजाबात थांबली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात उभ्या ट्रकांची रचना हाच धोका ओळखून केलेली असते. त्यांचा हँडब्रेक जाड स्प्रिंगचा असतो, हवा त्या स्प्रिंगला मागे दाबून ठेवते आणि हवा गेली की स्प्रिंग ब्रेक आवळते. तरीही जाणता ड्रायव्हर चाकाखाली दगड लावतोच. (निघताना तो दगड रस्त्याच्या बाहेर टाकावा, एवढी कळकळीची विनंती. रात्री दुचाकीवाल्याला तो दिसत नाही.)

घाट उतरून आल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा. खंडाळ्याहून खाली खालापूरला पोचेपर्यंत ब्रेक तापलेले असतात. मागे डिस्क ब्रेक असतील, तर तापलेली डिस्क फुगलेली असते. तुम्ही हँडब्रेक लावून चहाला जाता, डिस्क निवते, आकसते आणि पकड सैल पडते. अशा वेळी दांडा नेहमीपेक्षा एक-दोन खटके जास्त ओढा आणि गाडी गिअरमध्येही ठेवा.

हँडब्रेक न वापरल्यानेही बिघडतो. केबल पडून राहते, पाणी शिरतं, गंजते आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी निम्मीच ओढली जाते. रोज वापरलेली केबल मोकळी राहते. दांडा साधारण ५ ते ८ खटक्यांत घट्ट व्हावा. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. दहा-बारा खटके ओढूनही गाडी सरकत असेल, तर मिस्त्रीकडून केबल ताणून घ्या आणि लायनर बघायला सांगा. ही तपासणी घरीही होते. पुढेमागे कुणी नसलेल्या रॅम्पवर गाडी थांबवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि ब्रेकवरचा पाय सावकाश उचला. इंचभरही हलली तर गॅरेज गाठा.

आता वडिलांचा मुद्दा. पावसात भिजलेल्या ड्रममध्ये लायनर दाबून ठेवलं आणि गाडी आठवडाभर हलली नाही, तर गंजाने दोन्ही एकमेकांना चिकटतात, हे अगदी खरं आहे. आपल्याकडे ही वेळ नेमकी गणपतीत येते : घर बंद, सगळे रेल्वेने कोकणात, गाडी दहा दिवस खाली उभी. तेवढ्यापुरता हँडब्रेक मोकळा ठेवा, पण जागा खरोखर सपाट हवी, गाडी गिअरमध्ये किंवा 'पी'त हवी आणि एका चाकाच्या पुढे-मागे दोन चांगले दगड हवेत. साचलेल्या पाण्यातून आला असाल, तर घरापर्यंतच्या शेवटच्या रस्त्यावर ब्रेक दोन-चारदा हलका दाबून तो कोरडा करून घ्या. रोज रात्री लावून सकाळी काढायच्या हँडब्रेकला ही भीती नाही. रात्रभरात धरलेला गंज पहिल्या झटक्यात सुटतो आणि 'टक्' असा आवाज येतो, तेवढंच.

आणि चाकं खरंच धरून बसली, तर ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढू नका, लायनर उखडून निघतं. हँडब्रेक सोडा, पहिल्या गिअरमध्ये किंचित पुढे, रिव्हर्समध्ये किंचित मागे, असं दोन-तीनदा करा. नाहीच सुटली तर मिस्त्रीला बोलवा. तो ड्रमवर बाहेरून हातोडीचे हलके ठोके देतो आणि पाच मिनिटांत चाक मोकळं होतं.