किल्ली सोडली तरी सेल्फ का ओरडतो?

हिशेबाची वही, बँकेचा हप्ता, पापडाचं पॅकिंग यावर आपण या कार्यक्रमात नेहमी बोलतो. आज मी बोलणार आहे गाडीच्या सेल्फवर. ‘हे तर मेस्त्रीचं काम’ म्हणून रेडिओ बंद करू नका. पैसे आपल्या खिशातून जातात, तर काम आपल्याला कळायला हवं.

आमच्या गटातल्या एका ताईंकडे सासऱ्यांच्या काळातली पेट्रोलची ॲम्बॅसडर आहे. डिकीत मसाल्याचे डबे भरून त्या दर आठवड्याला नांदेडला माल आणतात. गाडी दणकट, पण सेल्फ म्हातारा. किल्ली फिरवली की नुसतं ‘कट्ट’. मग गल्लीतली पोरं बोलवा आणि धक्का मारा. ताई म्हणायच्या, “बाजार गाठायचा तर आधी पोरं गाठावी लागतात.”

शेवटी गटातून कर्ज काढून त्यांनी नवा मिनी सेल्फ बसवला. हा आकाराने लहान आणि वजनाने हलका असतो. आतली मोटर छोटी पण वेगाने फिरणारी, आणि तिच्या पुढे गिअर. पाणी ओढताना रहाटाला जोर कमी लागतो, तसंच हे. त्यामुळे बॅटरीतून करंटही कमी ओढला जातो. पहिल्या दिवशी गाडी एका झटक्यात चालू झाली. पण किल्ली सोडल्यावर करर्र आवाज यायला लागला. मेस्त्री म्हणाले, “नवीन आहे, बसेल हळूहळू.” दोन महिन्यांत सेल्फच्या दातेरी चाकाचे दात झिजले. कर्जाचा हप्ता सुरूच होता.

दुसऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं आणि चूक दाखवली. ती नीट समजून घेऊ.

ताईंच्या गाडीत जुना सोलेनॉइड स्विच सेल्फवर नव्हता, बॉनेटखाली बॉडीवर होता. किल्ली फिरवली की तो जुळायचा आणि जाड केबलमधून करंट सेल्फला जायचा. म्हणजे सेल्फला एकच केबल, तीही चालू करतानाच जिवंत. पायाने दाबायचा सेल्फ असलेल्या जुन्या पेट्रोल जीपलाही असंच असतं. मिनी सेल्फला मात्र स्वतःचा सोलेनॉइड असतो आणि दोन जोडण्या लागतात. मोठ्या बोल्टला बॅटरीचा करंट कायम हवा. छोट्या टोकाला फक्त ‘फिर’ असा हुकूम हवा.

मेस्त्रींनी काय केलं? जुनी केबल मोठ्या बोल्टला लावली आणि तिथूनच एक तुकडा छोट्या टोकाला जोडला. गाडी चालू होते, म्हणून चूक दिसत नाही. पण या मोटरमध्ये कायमचे लोहचुंबक असतात. करंट तुटल्यावरही ती क्षणभर गरगर फिरते, आणि चुंबकात फिरणारी मोटर डायनॅमोसारखी स्वतःच वीज तयार करते. ती वीज त्या तुकड्यातून छोट्या टोकाला जाते. सोलेनॉइडला वाटतं, हुकूम अजून चालूच आहे. तो दातेरी चाक मागे घेत नाही, आणि चालू झालेलं इंजिन त्या चाकाला फरफटत नेतं. तोच तो करर्र आवाज.

बरोबर जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसकडून जाड केबल थेट मिनी सेल्फच्या मोठ्या बोल्टला. जुना सोलेनॉइड काढायचा नाही. त्याच्या बॅटरीकडच्या बोल्टवरून बाकीच्या वायरिंगला करंट जात असेल, तर त्या वायरी तशाच ठेवायच्या. त्याच्या दुसऱ्या बोल्टवरून साधारण 4 स्क्वेअर एमएमची वायर छोट्या टोकाला न्यायची. किल्लीची वायर जिथे आहे तिथेच. आता किल्ली सोडली की हुकूमाची वायर पूर्ण तुटते आणि सेल्फ लगेच सुटतो.

चार गोष्टी मेस्त्रींना आधीच विचारा. नव्या सेल्फचे दात आपल्या फ्लायव्हीलच्या दातांशी जुळतात का? गाडी 12 व्होल्टची आहे ना? काही फार जुन्या गाड्यांत बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली असते, तशी आपली आहे का? असेल तर चुंबकाची मोटर उलटी फिरेल. आणि जाड केबल सायलेन्सरपासून व पत्र्याच्या धारेपासून लांब आहे का? ती कायम जिवंत असते आणि तिला बहुतेक वेळा फ्यूज नसतो. घासली तर आग लागू शकते. म्हणून बोल्टवर रबरी टोपी हवीच. काम करताना बॅटरीची बॉडीला जोडलेली बाजू आधी काढायची आणि शेवटी लावायची.

आणि सगळ्यात आधी, नवा सेल्फ खरंच लागतो का ते बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटर बॅटरीला लावा. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला, तर आधी बॅटरी तपासून घ्या. मग मीटरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं बॅटरीच्या बॉडीकडच्या टोकाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर इंजिनची अर्थिंग खराब आहे. गंज आणि रंग खरवडून पट्टी घट्ट केली की कित्येकदा जुनाच सेल्फ जोरात फिरतो.

पूर्वी गाडी हँडल मारून चालू करावी लागायची. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ बसला, आणि बाईला एकटीने गाडी काढणं सोपं झालं. आमच्या ताईंना तेच हवं होतं.

त्यांच्या गाडीतला तो तुकडा निघाला, नवं दातेरी चाक बसलं. आता त्या पहाटे कुणालाही न उठवता बाजाराला निघतात. तुमच्या गटात कुणी वाहनासाठी कर्ज मागितलं, तर कोटेशनसोबत हे प्रश्नही वहीत लिहून ठेवा. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.