लपविलेला खोकला

माझ्या धाकट्या भावाचा खोकला तीन आठवडे हटला नाही, तेव्हा घरात प्रथम विचार झाला तो पुतणीच्या ठरत आलेल्या सोयरिकीचा. क्षयाचे नाव बाहेर फुटू नये म्हणून आणखी एक महिना औषधांच्या बाटल्यांवर गेला. आयुष्यभर बँकेत जोखीम तोलणाऱ्या मीही त्यास संमती दिली, याची खंत आजही आहे.

वास्तविक दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, घटते वजन दिसताच थुंकीची तपासणी करावी. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत निदान करते व रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही सांगते. सरकारी केंद्रात तपासणी व औषधे विनामूल्य असतात. साधारण क्षयाचा उपचार सहा महिने चालतो.

तिसऱ्या महिन्यात वजन वाढले आणि भावाने गोळ्या सोडावयाचे ठरविले. खरा धोका येथेच. उरलेले जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत. भावजयीने मात्र रोज समोर उभे राहून गोळ्या दिल्या.

घरातील सर्वांची तपासणी झाली. पुतणीला रोग नव्हता, तरी प्रतिबंधक औषध सुरू झाले. मुलाकडच्यांना हे तिने स्वतःच सांगितले.