कराटे, ज्युदो की तायक्वांदो? मुलांसाठी निवड कशी करावी?

कर्जत-खालापुरातील पालकांनी क्लास निवडण्याआधी काय पाहावे?

फरक काय? कराटेत ठोसे आणि लाथा, तायक्वांदोत मुख्यतः लाथा, तर ज्युदोत पकड आणि फेक. ज्युदोत सुरुवातीलाच इजा न होता पडायला शिकवतात; सायकलवरून घसरणाऱ्या मुलालाही ते उपयोगी पडते.

क्लास कसा ओळखावा? एक दिवस बसून पाहा. मॅट आहे का? शिक्षक चूक समजावतात की अपमान करतात? बेल्टच्या परीक्षेचे शुल्क आधीच विचारा. शिस्त कलेपेक्षा शिक्षकाकडून येते.

स्वसंरक्षणाचे काय? ब्लॅक बेल्टही मोठ्या माणसाच्या ताकदीपुढे हमी नाही. संध्याकाळच्या खोपोली लोकलने परतणाऱ्या मुलाला आधी ओरडणे, पळणे आणि घरी सांगणे शिकवा. मदतीसाठी चाइल्डलाइन : १०९८.