विश्लेषण : क्वांटम संगणकापुढे भिंतीवरचा वीजमीटर टिकेल?

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी-माणचे आयटी पार्क आहे. मोटारींपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडे बसणाऱ्या छोट्या चिपसाठी तिथे सॉफ्टवेअर लिहिले जाते. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या पावसातली गावे आहेत. महावितरण राज्यभर बसवत असलेले स्मार्ट मीटर अशाच चिपवर चालतात, आणि एकदा भिंतीवर चढलेला मीटर साधारण दहा वर्षे तिथेच राहील असे धरलेले असते. या दहा वर्षांत मोठा क्वांटम संगणक आला तर मीटरमधल्या सुरक्षेचे काय होणार?

धोका नेमका कशाला?

पीटर शोर या गणितज्ञाने १९९४ मध्ये दाखवून दिले की, पुरेसा मोठा क्वांटम संगणक आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह या पद्धती मोडू शकेल. इतका मोठा संगणक आज नाही. शिवाय मीटरची रोजची रीडिंग बहुधा एईएस या दुसऱ्या प्रकारच्या पद्धतीने कुलूपबंद होतात. तिला या शोधाचा थेट धोका नाही. त्यामुळे ‘क्वांटम आले की शेजारी आपले बिल वाचणार’ ही भीती फारशी खरी नाही.

खरी काळजी आहे ती फर्मवेअरची, म्हणजे मीटरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची. हा प्रोग्राम दुरून बदलता येतो. नवा प्रोग्राम खरोखर कंपनीचाच आहे ना, हे मीटर डिजिटल स्वाक्षरीवरून ओळखतो. ही स्वाक्षरी आज सहसा आरएसए किंवा इलिप्टिक कर्व्हची असते. ती बनावट करता आली, तर हवा तो प्रोग्राम मीटरमध्ये घुसवता येईल. घरगुती स्मार्ट मीटरमध्ये वीज दुरून तोडण्याची सोय असते, हे लक्षात घेतले की प्रकरण एका बिलापुरते उरत नाही.

नव्या पद्धती कोणत्या?

अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ या मानक संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन क्वांटमरोधक मानके जाहीर केली. त्यांतली एमएल-केम (आधीचे नाव कायबर) किल्लीची देवाणघेवाण करते. एमएल-डीएसए (आधीचे डायलिथियम) आणि एसएलएच-डीएसए या स्वाक्षरीच्या पद्धती आहेत. अडचण आकाराची आहे. इलिप्टिक कर्व्हची स्वाक्षरी ६४ बाइटची असते, तर मधल्या पातळीच्या एमएल-डीएसएची ३,३०९ बाइटची. स्वस्त चिपमध्ये सगळी मिळून काही दहा किलोबाइट रॅम असते आणि तिच्यातच मीटरचे बाकीचे कामही चालते.

छोट्या चिपमध्ये हे बसते कसे?

गणिताचा वेग हा मोठा अडथळा ठरेल असे वाटले होते. तो तितकासा ठरला नाही. कायबरमध्ये २५६ पदांच्या बहुपदींचा गुणाकार सतत करावा लागतो. शाळेतल्या पद्धतीने एका गुणाकारासाठी ६५,५३६ छोटे गुणाकार लागतात. त्याऐवजी बहुपदीचे आधी ‘एनटीटी’ नावाचे रूपांतर करतात, आणि त्याला अवघे ८९६ गुणाकार पुरतात. सगळे आकडे ३,३२९ पेक्षा लहान असल्याने ‘कॉर्टेक्स-एम४’ ही चिप अशा दोन संख्यांवर एकाच वेळी काम करते. कायबरच्या सर्वांत लहान आवृत्तीची एक पायरी या चिपवर साधारण चार लाख चक्रांत होते, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला सुमारे चार मिलिसेकंद. गंमत म्हणजे, त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ गुणाकारात जातच नाही. तो हॅशिंगमध्ये जातो, कारण बहुतेक छोट्या चिपमध्ये त्यासाठी वेगळे हार्डवेअर नसते.

रॅमचा प्रश्न मात्र चिवट होता. मधल्या पातळीच्या डायलिथियममध्ये ३० बहुपदींचा तक्ता लागतो. तो एकटाच ३० किलोबाइट खातो. पण हा सगळा तक्ता ३२ बाइटच्या एका बीजातून तयार होतो. मग सगळ्या भाकऱ्या आधीच थापून परातीत रचून ठेवायच्या कशाला? एक थापायची, भाजायची, वाढायची आणि मग दुसरी घ्यायची. ही आणि आणखी काही युक्त्या वापरून संशोधकांनी २०२२ मध्ये स्वाक्षरी करण्याचे काम ७ किलोबाइटच्या आत आणि ती तपासण्याचे काम ३ किलोबाइटच्या आत आणले. त्याआधीच्या चाचण्यांत ५० ते १०० किलोबाइट लागत. बदल्यात वेळ जास्त जातो, पण मीटरला स्वाक्षरी करायची नसते, फक्त तपासायची असते. तीही वर्षातून मोजक्या वेळा. तिथे अर्धा सेकंद जास्त गेला तर कोणाचे काही अडत नाही.

मग अडते कुठे?

एक अडचण रेडिओची. मीटरच्या जाळ्यात वापरल्या जाणाऱ्या ८०२.१५.४ या मूळ मानकात एका पाकिटात १२७ बाइट मावतात. एवढ्या मोठ्या स्वाक्षरीची किमान २७ पाकिटे होतात. शेकडो किलोबाइटच्या फर्मवेअरबरोबर ती सहज खपून जातात. रोजच्या संवादात मात्र प्रत्येक वेळी प्रमाणपत्रे पाठवायची ठरली, तर डोंगरी भागात ते जड जाईल.

दुसरी अडचण गळतीची. ‘कायबरस्लॅश’ हा दोष २०२३ च्या अखेरीस समोर आला. कोडमधल्या एका भागाकाराला लागणारा वेळ गुप्त आकड्यानुसार कमी-जास्त होत होता. तेवढ्यावरून किल्लीचा अंदाज बांधता येत होता. प्रोग्राम लहान करण्याचा पर्याय निवडला की कंपायलर तो भागाकार तसाच ठेवण्याची शक्यता वाढे, आणि छोट्या चिपसाठी नेमका तोच पर्याय निवडला जातो! उघड्यावर टांगलेल्या उपकरणाचे असे मोजमाप घेणे कपाटातल्या सर्व्हरपेक्षा कितीतरी सोपे.

सर्वांत कठीण अडचण कोडची नाहीच. चिप सुरू होताना जो पहिला प्रोग्राम चालतो, तो आणि त्याची स्वाक्षरी तपासण्याची पद्धत अनेकदा कारखान्यातच कायमची कोरली जाते. तिथे फक्त इलिप्टिक कर्व्ह असेल, तर नंतर कितीही अपडेट पाठवले तरी तो पाया बदलत नाही. म्हणून अमेरिकेच्या ‘एनएसए’ने २०२२ मध्येच फर्मवेअरसाठी एलएमएस या हॅशवर आधारलेल्या स्वाक्षरीकडे लगेच वळण्याची शिफारस केली. ती तपासणे छोट्या चिपला सोपे जाते. कोणती एकवेळची किल्ली वापरून झाली याचा काटेकोर हिशेब मात्र स्वाक्षरी करणाऱ्या कंपनीला ठेवावा लागतो. तीच किल्ली दुसऱ्यांदा वापरली, तर बनावट स्वाक्षरीचा रस्ता उघडतो.

मीटर किंवा पाण्याच्या पंपाचे कंट्रोलर खरेदी करताना निविदेत विचारायचे प्रश्न यातून दोनच निघतात : पहिल्या प्रोग्रामची तपासणी पद्धत बदलता येते का, आणि नव्या स्वाक्षरीसाठी रॅम व फ्लॅश शिल्लक ठेवली आहे का? एनआयएसटीच्या नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात आरएसए आणि इलिप्टिक कर्व्हच्या स्वाक्षऱ्या २०३५ नंतर पूर्ण बंद करण्याचे सुचवले आहे. आता बसणारे मीटर तेव्हाही भिंतीवरच असतील.