एकाच बाकाच्या वेगवेगळ्या किमती

महाराष्ट्रातील विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या एखाद्या वर्गात एकाच बाकावर बसलेल्या तीन विद्यार्थ्यांनी भरलेली रक्कम तीन प्रकारची असू शकते, आणि तरीही त्या महाविद्यालयाचे कागदोपत्री मंजूर शुल्क एकच असते. जाहीर झालेला आकडा आणि कुटुंबाच्या खिशातून प्रत्यक्ष जाणारा पैसा यांत पडणारे हे अंतर प्रवेश कोणत्या मार्गाने झाला, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला कोणता आहे आणि सरकारी प्रतिपूर्ती केव्हा हाती येते यांवर ठरते. शेजारच्या विद्यार्थ्याच्या शुल्काचा भार कोणी उचलावा, या प्रश्नाला गेल्या चार दशकांत तीन निरनिराळी उत्तरे दिली गेली असून आजची व्यवस्था त्या उत्तरांच्या थरांनी बनलेली आहे.

१९८३पूर्वी महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे शासकीय महाविद्यालय, मुंबईची व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद महाविद्यालय अशा मोजक्या संस्थांत मिळत असे. तेथे जागा न मिळालेली आणि ऐपत असलेली मुले 'डोनेशन' भरून कर्नाटकातील खासगी महाविद्यालयांकडे वळत. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३मध्ये विनाअनुदान तत्त्वावर खासगी तांत्रिक महाविद्यालयांना परवानगी दिली. सरकार वेतनाचा वा इमारतीचा खर्च देणार नाही आणि संस्थेने तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवावा, असा या तत्त्वाचा साधा अर्थ होता. जागा झपाट्याने वाढल्या, पण शुल्काला धरबंद नसल्याने 'कॅपिटेशन फी', म्हणजे शुल्काव्यतिरिक्त केवळ प्रवेशासाठी घेतली जाणारी ठोक रक्कम, रूढ झाली. ती रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८७मध्ये स्वतंत्र कायदा केला. कायदा झाला म्हणून पावतीविना घेतली जाणारी रक्कम थांबली, असे मात्र म्हणता येत नाही.

या प्रश्नाचे स्वरूप देशासमोर उघडे झाले ते १९९२च्या मोहिनी जैन खटल्यात. कर्नाटक सरकारच्या अधिसूचनेनुसार तेथील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत शासकीय कोट्याच्या जागेला वर्षाला २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांना २५,००० आणि परराज्यातील विद्यार्थ्यांना ६०,००० रुपये असे तीन दर लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने ही चढी रक्कम कॅपिटेशन फीच ठरवली. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एक योजना आखून दिली. निम्म्या जागा गुणवत्तेवरच्या 'फ्री सीट', तेथे शुल्क शासकीय महाविद्यालयाइतके. उरलेल्या निम्म्या 'पेमेंट सीट', तेथे खर्च भरून निघेल असे जास्त शुल्क. थोडक्यात, एका विद्यार्थ्याचा भार शेजारच्या विद्यार्थ्याच्या पालकांवर टाकण्यात आला, आणि हा बोजा उघडपणे, न्यायालयाच्या मान्यतेने टाकला गेला.

या योजनेची उणीव दहा वर्षांत स्पष्ट झाली. चांगल्या शाळेत आणि खासगी शिकवणीत शिकलेल्या शहरी मुलांनी फ्री सीट घ्याव्यात आणि थोड्या कमी गुणांच्या ग्रामीण मुलाच्या बापाने जमीन गहाण ठेवून पेमेंट सीट घ्यावी, असा उलटा प्रवाह अनेकदा दिसे. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना रद्द केली. खासगी संस्थेला आपले शुल्क ठरवण्याचा अधिकार असून विस्तारासाठी वाजवी शिल्लकही ठेवता येईल, मात्र नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. २००३च्या इस्लामिक अकॅडमी निकालाने उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली राज्यवार शुल्क समित्या नेमल्या आणि संस्थेने एका वेळी एका वर्षापेक्षा अधिक काळाचे शुल्क मागू नये असे बजावले. पुण्यातील शिक्षणसंस्थाचालक पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखला जाणारा २००५चा निकाल सात न्यायाधीशांचा होता. त्याने अनिवासी भारतीयांसाठीच्या जागांची कमाल मर्यादा १५ टक्के ठरवली आणि शुल्कावर देखरेख ठेवणाऱ्या समित्या कायम ठेवल्या. महाराष्ट्रात या समितीची जागा २०१५च्या अधिनियमाखालील शुल्क नियामक प्राधिकरणाने घेतली.

हे प्राधिकरण संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब तपासून शुल्क मंजूर करते. त्यात अध्यापनाच्या खर्चापोटीचे शिक्षण शुल्क आणि इमारत, उपकरणे यांसाठीचे विकास शुल्क असे दोन मुख्य भाग असतात. वसतिगृह, खानावळ, बस यांचा खर्च त्याबाहेर राहतो, आणि लहान गावाहून पुण्या-मुंबईला आलेल्या मुलाच्या बाबतीत तो शिक्षण शुल्काच्या बरोबरीला येऊ शकतो. प्राधिकरणाच्या कक्षेला कुंपणही आहे. अभिमत विद्यापीठांचे शुल्क हे प्राधिकरण ठरवत नाही, आणि त्यांच्यापैकी काहींत वैद्यकीय पदवीचे शुल्क वर्षाला वीस लाखांच्या वर गेलेले आहे. नाव आणि संस्थाचालक तेच असलेले एक महाविद्यालय प्राधिकरणाच्या कक्षेत आणि दुसरे अभिमत विद्यापीठात, असे असल्यास पालकाने कोणत्या महाविद्यालयाचा अर्ज भरला आहे हे आधी पाहावे लागते.

पेमेंट सीट गेल्यावर सर्वांना एकच, म्हणजे चढे शुल्क लागू झाले आणि शेजाऱ्याच्या जागी भार उचलणारी सरकारी तिजोरी आली. अनुसूचित जातींच्या पात्र विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीखाली शिक्षण शुल्काची भरपाई मिळते; खुल्या प्रवर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेखाली निम्मे शुल्क मिळते, आणि विद्यार्थी तिला सर्रास 'ईबीसी' म्हणतात. २०२४-२५पासून याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत लागू झाली. या सवलतीतली मेख प्रवेशाच्या मार्गात आहे: प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप राउंड'मधून, झालेला असावा लागतो. संस्थास्तरावर, बोलीभाषेत 'मॅनेजमेंट कोट्यातून', घेतलेल्या जागेला ती मिळत नाही. त्यामुळे पसंतीच्या शाखेसाठी कॅपमधली जागा सोडून संस्थास्तरावर प्रवेश घेणारे कुटुंब त्या जागेबरोबरच चार वर्षांची प्रतिपूर्तीही सोडत असते, आणि अनेकांना हे प्रवेश झाल्यावर कळते.

प्रतिपूर्ती 'महाडीबीटी' संकेतस्थळावरील अर्जानंतर मिळते आणि ती नेहमी वेळेवर येतेच असे नाही. वर्ष संपले तरी हप्ता न आल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. मधल्या काळात तुटीचा ताण संस्थेने सोसायचा की विद्यार्थ्याने, यावरच परीक्षेचा अर्ज अडवण्यापासून मूळ कागदपत्रे ठेवून घेण्यापर्यंतचे बहुतेक वाद उद्भवतात. प्रतिपूर्ती हा सरकारने संस्थेला द्यायचा पैसा असल्याने तिच्या विलंबाचा व्याजभार विद्यार्थ्यावर ढकलणे, हे लेखकाच्या मते या व्यवस्थेतील सर्वांत असमर्थनीय अंग आहे.

उरलेली रक्कम बहुधा शैक्षणिक कर्जातून येते. भारतीय बँक संघाच्या २००१च्या नमुना योजनेवर आधारलेल्या या कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि केंद्र सरकारच्या पतहमी निधीच्या आधारे ७.५ लाखांपर्यंतही बँका तारणाविना कर्ज देऊ शकतात. पालक सहकर्जदार असतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे साधारण एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत, परंतु व्याजाचे मीटर चालूच राहते. वर्षाला १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख उचलले आणि दर १० टक्के सरळव्याज धरला, तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, मग ३०,००० आणि २०,००० असे १,४०,००० रुपये व्याज साचते. मुद्दल ५,४०,००० धरून दहा वर्षांची फेड ठरवली तर मासिक हप्ता सुमारे ७,१०० रुपये आणि एकूण फेड साडेआठ लाखांच्या वर जाते. शिक्षण चालू असतानाच फक्त व्याज भरत राहिल्यास तो भार मुद्दलात मिसळत नाही, आणि अनेक बँका त्यासाठी दरात थोडी सूटही देतात. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळाचे व्याज केंद्र सरकार भरते. प्राप्तिकर कायद्याखाली व्याजापुरती वजावट आठ वर्षे मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामीनदाराविना कर्जाची, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. मात्र ती राष्ट्रीय क्रमवारीत वरच्या स्थानी असलेल्या ठराविक संस्थांपुरती आहे. मंजुरीच्या वेळी यादीत ८६० संस्था होत्या. खासगी संस्थेला यादीत येण्यासाठी क्रमवारीच्या पहिल्या शंभरांत असावे लागते. तालुक्याच्या गावी वा जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या बहुसंख्य विनाअनुदानित महाविद्यालयांना तो क्रमांक नाही, म्हणून तेथील विद्यार्थी जुन्या योजनेच्या अटींवरच बँकेच्या शाखेत अर्ज करतो.