एकदाच नीट लिहा, हव्या त्या रूपात काढा : पुस्तिका, वेबपान आणि मोबाईलसाठी एकच मूळ प्रत

शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, याची एक छोटी पुस्तिका आपण काढतो असे समजा. डीटीपीवाला ती जुन्या फॉन्टात लावून देतो, छापखान्यात छापली जाते, दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर वाटून संपते. पुढच्या वर्षी नियम बदलतात. मग फाईल शोधायची धावपळ. ती सापडली तर उघडत नाही आणि उघडली तर फॉन्ट नसल्यामुळे अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. एक जण म्हणतो वेबसाईटवर टाका, दुसरा म्हणतो मोबाईलवर नीट वाचता आली पाहिजे, अंध विद्यार्थी म्हणतो मला ती ऐकता आली पाहिजे. प्रत्येक मागणीसाठी पुन्हा टायपिंग. एका प्रतीत दुरुस्ती होते, बाकीच्या तीन प्रतींत चूक तशीच राहते. त्या चुकीमुळे एखाद्या मुलाचा अर्ज बाद होऊ शकतो.

मित्रांनो, ही अडचण फक्त आपली नाही. हजारो पानांची माहितीपुस्तके सांभाळणाऱ्या संगणक क्षेत्रालाही ती आली होती. त्यांनी काढलेला मार्ग आपल्याही कामाचा आहे.

मूळ गोष्ट सोपी आहे. मजकूर 'काय आहे' आणि तो 'कसा दिसतो' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. आपण शीर्षक लिहितो तेव्हा अक्षर मोठे आणि ठळक करतो. वाचणाऱ्याला ते शीर्षक आहे हे कळते, पण संगणकाला फक्त मोठी अक्षरे दिसतात. त्याऐवजी मजकुराभोवती खूण करून सांगायचे : हे प्रकरणाचे शीर्षक, ही कृतीची पायरी, हा इशारा, ही तळटीप. अक्षर केवढे, रंग कोणता, समास किती, हे त्या फाईलमध्ये लिहायचेच नाही.

अशा खुणांची पद्धत १९८६ मध्ये एसजीएमएल या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिचे सुटसुटीत रूप म्हणजे १९९८ चे एक्सएमएल. तांत्रिक पुस्तकांसाठी खास बनवलेला खुणांचा संच म्हणजे डॉकबुक. एचएएल कॉम्प्युटर सिस्टिम्स आणि ओरायली या प्रकाशनसंस्थेने १९९१ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. आज ओॲसिस ही मानक संस्था तो सांभाळते.

प्रत्यक्ष उदाहरण पाहू. पोस्टग्रेस्क्यूएल हे माहितीसाठा सांभाळणारे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याचे भलेमोठे माहितीपुस्तक डॉकबुकमध्ये लिहिलेले आहे. त्याच एका मूळ प्रतीतून वेबपाने निघतात, छपाईयोग्य पीडीएफ निघते (भारतात चालणाऱ्या ए-४ आकारात वेगळी आणि अमेरिकी कागदासाठी वेगळी), मोबाईलवर वाचायचे ईपब निघते आणि संगणकाच्या काळ्या पडद्यावर वाचायची मदतपानेही निघतात. मूळ प्रतीत एक वाक्य सुधारले आणि पुन्हा रूपांतर केले की सगळीकडे सुधारते.

हे रूपांतर करते नियमांची एक यादी. तिच्यात लिहिलेले असते : प्रकरणाचे शीर्षक दिसले की वेबपानात ते असे मांड आणि अनुक्रमणिकेत त्याची नोंद कर, इशारा दिसला की त्याभोवती चौकट काढ. एक्सएसएलटी ही भाषा अशा नियमांसाठीच आहे. पीडीएफसाठी मध्ये आणखी एक टप्पा असतो. आधी कागदाचा आकार, समास, पानाचा तळ यांच्या सूचना तयार होतात, मग दुसरा प्रोग्रॅम पाने लावतो. ईपब तर आतून वेबपानांचे गाठोडेच असते.

याचा फायदा 'पान २४ पाहा' अशा ओळीत लगेच कळतो. मोबाईलवर अक्षर मोठे केले की पान २४ कुठले? म्हणून मूळ प्रतीत पानाचा आकडा लिहायचा नाही, 'उत्पन्नाचा दाखला या भागाकडे बोट दाखव' एवढेच नोंदवायचे. छापील प्रतीत तिथे पान क्रमांक येतो, वेबपानात दुवा येतो. तसेच शीर्षकांवर खूण असली की अंध वाचकाचा पडदा-वाचक प्रोग्रॅम एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. नुसत्या ठळक अक्षरांवर ते जमत नाही.

आपल्या जवळचे उदाहरणही आहे. रंगूनमध्ये १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या सहाव्या संगायनातील पाली तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर आणले. त्या एक्सएमएल फाईलींमध्ये गाथा कोणती, परिच्छेदाचा क्रमांक कोणता, म्यानमारच्या किंवा पाली टेक्स्ट सोसायटीच्या छापील आवृत्तीत पान कुठे बदलते, याच्या खुणा आहेत. म्हणूनच तोच पाठ देवनागरी, रोमन, सिंहली, बर्मी, थाई अशा अनेक लिप्यांत दाखवता येतो. प्रत्येक लिपीसाठी तिपिटक नव्याने टाईप करावे लागत नाही.

आता आपण काय करायचे? डॉकबुक शिकलेच पाहिजे असे नाही. पुढील चार सवयी पुरेशा आहेत.

१. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फॉन्टातला मजकूर परिवर्तकाने बदलून घ्या, पण नंतर मुद्रितशोधन करा. रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात.

२. वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये शीर्षकाला हाताने ठळक करू नका, 'हेडिंग' ही शैली लावा. हीच तुमची खूण. अनुक्रमणिका मग आपोआप तयार होते.

३. पॅनडॉक हे मोफत सॉफ्टवेअर शिकून घ्या. बर्कले येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ मध्ये सुरू केले. वर्डची फाईल किंवा मार्कडाऊन नावाची साधी लिखाणपद्धत वाचून ते वेबपान, ईपब आणि डॉकबुकही काढून देते. पीडीएफसाठी त्याला पाने लावणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमची जोड लागते. तिथे देवनागरी फॉन्ट निवडायला विसरू नका.

४. दुरुस्ती नेहमी मूळ प्रतीतच करा आणि ती प्रत किमान दोन ठिकाणी जपून ठेवा. डीटीपीवाल्याकडून पीडीएफसोबत मूळ फाईलही मागून घ्या. पीडीएफ ही छापून झालेल्या कागदासारखी असते, तिच्यातून देवनागरी मजकूर परत काढताना बऱ्याचदा अक्षरे तुटतात.

मर्यादाही लक्षात घ्या. पोस्टर किंवा निमंत्रणपत्रिका अशा पद्धतीने करण्यात अर्थ नाही, तिथे दिसणे हेच काम आहे. सहा रकान्यांचा तक्ता कागदावर बसेल, मोबाईलवर नाही. म्हणून प्रत्येक रूप एकदा डोळ्यांखालून घालावेच लागते.

आपल्याकडे माणसे थोडी, पैसा थोडा आणि वेळ कामाच्या पाळ्यांमधून काढलेला. तोच मजकूर चारदा टाईप करण्यात तो घालवणे परवडणारे नाही. पुढच्या पुस्तिकेचे काम हाती घ्याल तेव्हा शाखेतल्या एका तरुणाकडे मूळ प्रत सांभाळायची जबाबदारी द्या आणि पहिल्या शीर्षकापासून खुणा लावायला लागा. वर्षभराने नियम बदलतील तेव्हा एका संध्याकाळीत नवी आवृत्ती तयार होईल आणि ती सगळ्यांना सारखीच मिळेल.

जय भीम!